हिमोग्लोबिन नॉर्मल, फेरिटिन आठ

माझ्या शेपट्याची जाडी मी रबराच्या वेढ्यांत मोजते. काळं, साधं, स्टेशनबाहेर दहा रुपयांना डझनभर मिळतं ते रबर. कॉलेजात असताना ते दोनदा फिरायचं. तिसऱ्यांदा ओढलं की तुटायचं. लेक झाल्यावर तीन वेढे झाले, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. बाळंतपणानंतर केस जातात, पुढे बरेचसे येतात, तसे माझे आलेही. पण २०२३च्या गणपतीत, गौरीजेवणाच्या दिवशी, ठाण्याला नौपाड्यात आईच्या घरी आरशासमोर वेणी घालत होते आणि रबर चार वेळा फिरलं. काढून पुन्हा घातलं. चारच.

आई मागे उभी होती. काही बोलली नाही. कपाट उघडून तिने तिचं जुनं गंगावन काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "आजच्यापुरतं लाव. पाहुणे येतील." मी चिडून ते पलंगावर टाकलं, आणि अर्ध्या तासाने गुपचूप लावलं.

मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची. राहते घोडबंदर रोडला, वाघबीळच्या अलीकडे. नोकरी ऐरोलीत, हिशेब खात्यात. दिवसभर आकड्यांतच असते, म्हणून पुढे जे कळलं ते जरा जास्तच झोंबलं. कारण आकडे दोन वर्षं माझ्या कपाटात पडून होते आणि मी ते वाचलेच नव्हते.

विंचरून निघालेल्या केसांना आमच्याकडे गुंतवळ म्हणतात. ते इकडेतिकडे टाकायचं नाही, ही आजीची सक्त ताकीद. बोटाभोवती गुंडाळून पिशवीत साठवायचं आणि केसांवर भांडी देणारी बाई आली की तिच्या हवाली करायचं. वाटी, चमचा, फारच झालं तर एखादं पातेलं मिळायचं. गौरी गेल्यावर मीही गुंतवळ साठवायला घेतलं, भांड्यांसाठी नाही, पुरावा म्हणून. श्रीखंडाचा पाव किलोचा डबा सात दिवसांत भरला. एका रविवारी न्हाऊन झाल्यावर पांढऱ्या टॉवेलवर केस मांडून मोजायलाही बसले. दोनशे बारापर्यंत पोचले आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले. परत बसायचं धाडस झालं नाही.

कारणं शोधायला मला कुठे जावं लागलं नाही. ती घरपोच आली.

पहिलं कारण पाणी. घोडबंदरला राहणारा माणूस केस गळण्यापासून नळ गळण्यापर्यंत सगळ्याचं खापर टँकरवर फोडतो, आणि त्यात अगदीच खोटं नसतं. मार्चपासून आमच्या सोसायटीत टँकर लागतात, बादलीच्या कडेला पांढरा थर चढतो. मग अठराशे रुपयांचा फिल्टर शॉवरला बसवला. दुसरं कारण मेट्रोच्या कामाची धूळ. तिसरं सासूबाईंचं: तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून गॅलरीत उभी राहतेस. चौथं माझ्या नवऱ्याचं, "तू टेन्शन फार घेतेस." हे वाक्य ऐकून टेन्शन कमी झालेली बाई मला अजून भेटायची आहे.

जांभळी नाक्याच्या बाजारात काष्ठौषधीच्या दुकानातून माका, जटामांसी, नागरमोथा आणला आणि खोबरेल तेलात कढवला. घरभर वास सुंदर. रात्री मालिशने झोपही बरी लागायची. केसांचं म्हणाल तर तेलकट होऊन गळायला लागले, एवढाच फरक.

आणि पाचवं कारण, म्हणजे कारण नव्हे, उपाय, लोकलमध्ये मिळाला. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या गाडीत आमचा बायकांचा ठरलेला घोळका आहे. त्यातल्या एकीने पर्समधून डबी काढली. बायोटिन, दहा मिलिग्रॅम. "माझ्या नणंदेचे केस बघ." मी नणंदेचे केस बघितले नाहीत, डबी मात्र त्याच संध्याकाळी घेतली. औषधवाल्याने चिठ्ठी मागितली नाही. जीवनसत्त्व तर आहे, अपाय काय व्हायचाय? ही डबी लक्षात ठेवा.

दिवाळीनंतर सोसायटीजवळच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पापणी ओढून बघितली, रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन १२.२. बायकांत बाराच्या खाली गेलं नाही की ठीक धरतात. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची नेहमीची तपासणी, २.९, तीही मर्यादेत. "सगळं नॉर्मल आहे. वय, धावपळ, ताण." मल्टिव्हिटॅमिन लिहून दिलं. मी खूश होऊन घरी आले. खोटं कशाला बोलू, रिपोर्ट नॉर्मल आला की बरं वाटतंच, मग केस का गळेनात.

आता मागे वळून बघते तेव्हा कळतं की केस ही सगळ्यात शेवटची गोष्ट होती. आधीच्या गोष्टी कितीतरी दिवस माझ्यासमोर नाचत होत्या.

बर्फाचं सांगते. फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे मी रोज संपवायचे. उन्हाळ्यात नव्हे, बाराही महिने. स्वयंपाक करताना एक खडा तोंडात, भांडी आवरताना एक, रात्री मालिका बघताना वाटीभर. कडाकडा चावायचा. नवरा म्हणायचा, दात जातील. लेक म्हणायची, आईला उंदीर चावलाय. मला स्वतःला ती एक खोड वाटायची, कुणाला नखं खायची असते तशी. शिवाय तांदूळ निवडताना चार दाणे तोंडात टाकायची सवय लागली होती. आमच्या गावाकडे गरोदर बाईला माती-तांदूळ खावंसं वाटतं म्हणतात. मी गरोदर नव्हते, म्हणून कुणी त्याचा विचार केला नाही.

ठाणे स्टेशनचा पूल चढताना मधल्या टप्प्यावर थांबायला लागले होते. फोन बघायचं निमित्त करायचे. ऑफिसात एसीखाली मी एकटीच शाल घेऊन बसायचे, मे महिन्यातसुद्धा. रात्री अंथरुणावर पडलं की पाय स्वस्थ राहायचे नाहीत, पोटऱ्यांत मुंग्या फिरल्यासारखं व्हायचं. वजन चार किलोंनी वाढलं, खाणं तेच असून. पाळी आली की पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागायचं, रात्री टॉवेल घालून झोपायचे. यावर आई, वहिनी, ऑफिसातल्या मैत्रिणी, सगळ्यांचं एकमत: चाळिशीत असंच असतं. आपल्याकडे चाळिशीच्या नावावर काय काय खपतं, याचा एकदा हिशेब मांडायला हवा.

शेवटी बोट ठेवलं ते पार्लरवालीने. जानेवारीत भुवया करायला बसले होते. धागा दातांत धरूनच ती म्हणाली, "ताई, बाहेरच्या टोकाला केसच नाहीयेत. मी काय काढू? डॉक्टरला दाखवा. माझ्या एका कस्टमरचं असंच होतं, थायरॉइड निघाला." मी म्हटलं, थायरॉइड नॉर्मल आहे माझा, दोन महिन्यांपूर्वीच तपासलाय. ती म्हणाली, "मग असेल दुसरं काही," आणि पुढच्या भुवईकडे वळली. पण ते डोक्यात राहिलं.

फेब्रुवारीत त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे गेले. फोनवरच त्यांच्या स्वागतिकेने सांगितलं होतं, "घरात जे काही खाता, लावता, ते सगळं पिशवीत घालून आणा. जुने रिपोर्टही." मी खरोखरच पिशवी भरून नेली. तेल, शांपू, मल्टिव्हिटॅमिन, बायोटिनची डबी, सासूबाईंच्या कॅल्शियमच्या गोळ्या (त्या मीही मध्येमध्ये घ्यायचे), आणि ऑफिसच्या आरोग्य शिबिराचे २०२२ पासूनचे कागद.

मॅडमनी आधी डोकं बघितलं. कानाच्या वरचे साठेक केस चिमटीत धरून हळूच सरकवत ओढले. चिमटीत नऊ आले. सहाच्या वर आले की गळती चालू आहे असं धरतात. त्यातला एक त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि भिंग दिलं. केसाच्या टोकाला राईहूनही बारीक, पांढरा ठिपका. मी आयुष्यभर तो ठिपका बघून घाबरत आले की केस मुळासकट उपटला गेला. "मूळ आत आहे," त्या म्हणाल्या. "हा विश्रांतीला गेलेला केस. याची गादी रिकामी झालीय, जागा गेलेली नाही." चाई नाही, पुरुषांसारखं टक्कल पडतंय असंही नाही, भांगाच्या कडेचे केस पुरेसे जाड आहेत, हे त्यांनी दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघून सांगितलं.

मग त्यांनी जे समजावलं ते मला कुणी आधी सांगायला हवं होतं. डोक्यावर लाखभर केस असतात. त्यातले बहुतेक, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास, वाढत असतात आणि बाकीचे विश्रांतीत. विश्रांती साधारण तीन महिन्यांची, ती संपली की केस गळतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस जाणं हे रास्तच. शरीराला धक्का बसला, ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपासमार, की वाढीतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात. पण गळायला लागतात ते दोन-तीन महिन्यांनी. म्हणजे खरेदी जूनची आणि बिल सप्टेंबरचं. सप्टेंबरात काय खाल्लं, काय लावलं, याची झाडाझडती घेऊन उपयोग शून्य.

"जूनमध्ये काय झालं होतं?"

चार दिवस ताप आला होता. सणसणीत.

"मग गणपतीत गळणारच. पण तापाने गळलेले केस सहा महिन्यांत थांबायला हवे होते. आज फेब्रुवारी. याचा अर्थ आत काहीतरी चालूच आहे."

त्यांनी शिबिराचे जुने कागद उलगडले. हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळींवर पेन्सिल फिरवली. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार: २०२२ साली ८१, २०२३च्या नोव्हेंबरात ७८. आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातला लहानमोठेपणा: वाढलेला, शेजारी ठळक अक्षरांत खूण. ती खूण दोन्ही वर्षी होती. छापलेली. मी फक्त वरची ओळ वाचून कागद घडी घालून ठेवला होता, आणि तो वाचायचे ज्यांना पैसे दिले त्यांनीही तेच केलं.

"पेशी लहान होत चालल्यात. हे थॅलेसेमिया मायनरमध्ये, म्हणजे रक्ताच्या एका जन्मजात सौम्य दोषातही होतं, पण तुमच्या लाल पेशींची संख्या वाढलेली नाही. आधी लोहाचा साठा बघू." फेरिटिन लिहून दिलं. थायरॉइडही पुन्हा. मी म्हटलं, तो केलाय. त्यांनी बायोटिनची डबी उचलून माझ्यासमोर ठेवली.

"ही चालू असताना केला होता?"

हो.

इथे मला थोडं थांबून सांगायला हवं, कारण हे माझ्या ओळखीत कुणालाच माहीत नव्हतं. प्रयोगशाळेतल्या पुष्कळ यंत्रांत रक्तातला टीएसएच पकडून चिकटवून ठेवायला बायोटिनचाच उपयोग करतात. आपल्या रक्तात आधीच बायोटिनचा पूर आलेला असला की तो चिकटायच्या जागा अडवून बसतो. टीएसएच कमी पकडला जातो आणि आकडा खोटाच कमी छापून येतो, आणि थायरॉइड मंद पडल्याची खूण तर हा आकडा वाढणं हीच असते. माणसाला दिवसाला तीसएक मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. माझ्या गोळीत दहा हजार मायक्रोग्रॅम होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल २०१७ सालीच इशारा दिलेला आहे. बरं, बायोटिनची कमतरता नसेल तर त्याने केस वाढतात याला धड पुरावाही नाही. म्हणजे केसांसाठी घेतलेल्या गोळीने केसांना काही केलं नाही, केस का जातात ते मात्र लपवलं.

तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवावी लागते. माझा डोस मोठा, म्हणून मॅडमनी आठवडाभर थांबायला सांगितलं. आणि अंगात ताप-सर्दी असेल तर फेरिटिन करू नका, सूज असली की तो आकडा फुगतो, हेही.

रक्त घ्यायला आलेला मुलगा सकाळी सातला दारात. शीर सापडेना. "ताई, पाणी पिऊन या जरा." तिसऱ्या टोचणीला सापडली. संध्याकाळी रिपोर्ट फोनवर आला तेव्हा मी ऐरोली आणि ठाण्याच्या मध्ये गाडीत उभी होते, एका हाताने कडी धरून.

टीएसएच ११.४. फेरिटिन ८.

मी पहिल्यांदा वाचलं ते ८०. शून्य मीच माझ्या मनाने लावला होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी अंतःस्रावतज्ज्ञांकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं तपासली, ती भरपूर निघाली. म्हणजे शरीर स्वतःच आपल्या थायरॉइड ग्रंथीवर उठलेलं. हाशिमोटो नाव, १९१२ साली त्याचं वर्णन करणाऱ्या जपानी डॉक्टरचं. आयोडीनचं मीठ आम्ही कायम खातो, मग हे कसं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "आयोडीन कमी पडून होणारा हा प्रकार नाही. मीठ आहे तेच राहू द्या, जास्त घालू नका."

लोहाचं त्यांनी मला माझ्याच भाषेत सांगितलं, कारण मी हिशेब खात्यात आहे हे त्यांनी आधी विचारून घेतलं होतं. हिमोग्लोबिन म्हणजे चालू खातं, फेरिटिन म्हणजे मुदत ठेव. खर्च वाढला की शरीर ठेव मोडून चालू खात्यात भरत राहतं. चालू खातं बघणाऱ्याला वाटतं, बाईचं उत्तम चाललंय. ठेव संपली की मगच चालू खातं घसरायला लागतं. माझी संपलीच होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. तो आकडा हिमोग्लोबिन मोजून काढलेला आहे. १२.२वाली मी त्यात धरलेलीच नाही.

आणि दोन्ही दुखणी एकमेकांच्या गळ्यात गळा घालून होती. थायरॉइड मंद पडला की पाळीचं रक्त जास्त जाऊ शकतं. रक्त जास्त गेलं की लोह जातं. आणि थायरॉइडचा रस बनवणारं जे मुख्य विकर (एन्झाइम) आहे, त्याला स्वतःचं काम करायला लोह लागतं. कुणी कुणाला आधी ढकललं हे आता सांगता येणार नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी केली, गाठबिठ काही नव्हती. जास्त जाणाऱ्या दिवसांपुरत्या रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, थायरॉइड ताळ्यावर आला की हेही येईल बहुतेक. तसंच झालं.

बर्फ? लोह कमी असलं की काहींना बर्फ चावावासा वाटतो, हे वैद्यकाच्या पुस्तकात आहे म्हणे. मी हे घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. सात वर्षं आम्ही त्यावर विनोद केले होते.

औषध साधं. लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, शंभर गोळ्यांची बाटली, औषधांच्या दुकानातल्या सगळ्यात स्वस्त बाटल्यांपैकी. आणि लोहाची गोळी, फेरस ॲस्कॉर्बेट. अवघड होतं ते वेळापत्रक.

थायरॉइडची गोळी उठल्याउठल्या, अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, काही नाही. चहासुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियम या गोळीपासून चार तास लांब, नाहीतर ते तिला धरून ठेवतात आणि ती अंगात उतरतच नाही. लोहाला पुन्हा चहा, दूध, कॅल्शियम चालत नाही, लिंबू चालतं. म्हणजे घरातल्या तीन गोष्टी एकमेकींशी बोलत नाहीत आणि तिघींना वेगवेगळ्या वेळी जेवायला वाढायचं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या बाईला हे नवीन नाही.

पण चहा. सकाळी सव्वापाचला मी उठते, गॅस लावते, आलं किसते, आणि आम्ही दोघं गॅलरीत बसून चहा घेतो. लग्नाला सतरा वर्षं झाली, एवढा एकच वेळ आमचा दोघांचा आहे. सहानंतर घर सुरू होतं. पहिले आठ दिवस मी रिकाम्या हाताने त्याच्याशेजारी बसले आणि त्याच्या कपातल्या वाफेकडे बघत राहिले. नवव्या दिवशी तो म्हणाला, "आपण पावणेपाचचा गजर लावू. तू गोळी घे, परत आडवी हो. चहा नेहमीच्या वेळेला." हे मला का सुचलं नव्हतं देव जाणे. गोळी उशाशी, पाण्याचा तांब्या शेजारी. अर्धवट झोपेत गिळते. टेन्शनचं वाक्य त्या दिवशी मी त्याला माफ करून टाकलं.

जेवणानंतरचा दुपारचा चहाही तासभर मागे ढकलला. जेवणातलं लोह चहाने अडतं हे शाळेत शिकवलं असणार, मला आठवत नव्हतं.

लोहाची गोळी आधी रोज दिली होती. मळमळ, पोट कडक, शौचाला डांबरासारखं काळं. काळं होणार हे आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी रात्री इस्पितळ गाठलं असतं. बद्धकोष्ठ थायरॉइडमुळेही होतंच, त्यात ही भर. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी ती एक दिवसाआड केली. लोहाचा एक डोस पोटात गेला की शरीर काही काळ पुढच्या लोहाला दार लावून घेतं, म्हणून एक दिवसाआड घेतली तर शोषण उलट चांगलं होतं आणि पोटही शांत राहतं. रात्री जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. विसरू नये म्हणून कालनिर्णयवर लाल पेनने टिंबं काढली. दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी माझ्या गोळ्यांची टिंबं.

सासूबाईंनी अळिवाचे लाडू सुरू केले. नारळ, गूळ, अळीव. त्यांच्या हिशेबाने एका लाडवात आठवड्याचं लोह. डॉक्टरांना विचारलं तर ते हसले, "लाडू जरूर खा, पण आठाचे चाळीस लाडवाने होणार नाहीत." आम्ही मासेमटण खाणारे, कलेजीतलं लोह शरीर सहज उचलतं हे कळल्यावर रविवारची कलेजी माझ्या वाटणीला यायला लागली. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं, हे मात्र मी घरात कुणाच्याच डोक्यातून काढू शकले नाही. अजून कोशिंबीर येतेच पानात. येऊ दे.

एप्रिल आणि मे वाईट गेले. औषध सुरू होऊन दोन महिने आणि केस जास्तच गळायला लागले. थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर सुरुवातीचे काही महिने कधीकधी असं होतं, मॅडमनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहूनही दिलं होतं. पण लिहिलेलं वाचणं आणि न्हाणीघराच्या जाळीवर साचलेलं गुंतवळ रोज उचलणं यात फरक आहे. एका शनिवारी मी दुकानात जाऊन केस खांद्यापर्यंत कापायला बसले. कात्री लावायच्या आधी उठले. का ते नक्की सांगता येत नाही. आजीची पिशवी आठवली असावी.

मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढवायला देतात ते औषध, घेणार का असं मॅडमनी विचारलं होतं. मी आधी आतलं दुरुस्त करून बघते म्हटलं, त्यांनाही ते पटलं.

सुधारणा केसांत दिसलीच नाही आधी. जूनमध्ये एकदा फ्रीजर उघडला आणि बर्फाचा ट्रे भरलेला होता. मी त्याला कधीपासून हात लावला नव्हता ते आठवेना. मग पाय रात्री स्वस्थ राहायला लागले. पावसाळ्यात एक दिवस ठाण्याचा पूल न थांबता चढून मी दहा नंबरवर उतरले आणि गाडी लागायच्या आधी पोचले.

आकडे असे गेले. टीएसएच दर सहा-आठ आठवड्यांनी, कारण त्याआधी तपासून अर्थ नसतो. औषधाचा परिणाम स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. ११.४ वरून ५.८, मग डोस ६२.५ केला, मग २.६. फेरिटिन तीन महिन्यांनी २२. माझा हिरमोड झाला होता. नऊ महिन्यांनी ४७. एमसीव्ही ८६, म्हणजे थॅलेसेमियाची शंकाही मिटली. केसांसाठी फेरिटिन किती हवं यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. कुणी चाळीस म्हणतं, कुणी सत्तर. माझ्या डॉक्टरांनी पन्नासच्या वर ठेवू म्हटलं आणि गोळी आणखी तीन महिने चालू ठेवली. थायरॉइडची गोळी बहुधा कायमची. त्याचं मला आता काही वाटत नाही, चष्मा कायमचाच आहे की.

बायोटिन सुचवणाऱ्या त्या मैत्रिणीला मी गाडीत सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, नणंदेचा फोटो पुन्हा दाखवला आणि म्हणाली, "तिला काही झालं नाही हं." पुढच्या आठवड्यात हळूच विचारलं, "ते फेरिटिन कुठे करतात? किती घेतात?"

गेल्या गौरीला परत नौपाड्यात होते. कपाळाच्या कडेने बोटभर लांबीचे नवे केस उभे राहिले होते, लहान मुलाच्या जावळासारखे, तेल लावून बसवले तरी पुन्हा उठणारे. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो. कमरेपर्यंत यायला त्यांना वर्षं लागतील. आईने गंगावन काढलं नाही, मी मागितलं नाही. वेणी घातली, रबर घेतलं. तीन वेढे. चौथा घालून बघितला, बसला नाही.